साडेबारा टक्के

नाव हरेश्वरने दिलं.
"गेलेल्या शंभरातले साडेबारा परत मिळतात,
तेपण फाइल हलली तर," म्हणाला,
"आपल्याला तर तेवढंही वाजवता येत नाही."
हे खरं होतं.

जिजोची गिटार नेरूळच्या चर्चमधून उसनी,
रविवारी पहाटे परत करायची, तारा पुसून.
हरेश्वर हळदीत बँजो पार्टीमागे वाजवत वाढलेला,
कुठलंही गाणं द्या, त्याचे हात
चौथ्या ठोक्याला नवरदेवाच्या अंगणात पोचायचे.
माझ्या बेसला तीन तारा. चौथी साडेतीनशेला होती.
आणि शर्वरी ढेबे,
कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीतली.
बाप कांदा-बटाटा मार्केटात गोणी पाठीवर घेताना
जो आवाज काढायचा
तो तिने तसाच घशात आणला होता.
सूर नव्हता त्यात. वजन होतं.

तालीम रबाळ्याला, एमआयडीसीत,
पावडर कोटिंगच्या गाळ्यात, रात्री नऊनंतर.
गाळा जिजोच्या मामाचा. भाडं नाही,
जाताना झाडून जायचं फक्त.
घरी पोचून नाक शिंकरलं की निळं यायचं,
पुढच्या आठवड्यात पिवळं,
ज्या रंगाची ऑर्डर असेल ते.

गाणी एकूण सहा.
सगळ्यात लांब, दोन मिनिटं दहा सेकंद:
साहेब जेवायला गेलेत.
शब्द तेवढेच, तीन. बाकी शर्वरी.

पहिला कार्यक्रम वाशीच्या एका कॉलेजात.
दुसऱ्या गाण्याला प्राचार्यांनी स्वतः वायर काढली.
दुसरा सानपाड्याला, सोसायटीच्या सत्यनारायणाला,
फळ्यावर 'सुगम संगीत' लिहिलेलं.
प्रसादाच्या आत संपला.
तिसरा

घणसोली गावात, हरेश्वरच्या चुलतबहिणीची हळद.
ठरवलेला डीजे ऐरोलीच्या पुलावर अडकलेला,
मांडवात चारशे माणसं आणि शांतता अशी
की टोपातलं मटण शिजताना ऐकू येत होतं.
"तुमी वाजवा रं," काकी म्हणाली, "कायपन वाजवा."
दुसरं काही येतच नव्हतं.
हळदीने माखलेल्या म्हाताऱ्या उठल्या,
लुगड्याचा काष्टा आवळून,
आणि शर्वरीच्या वरताण ओरडल्या,
साहेब जेवायला गेलेत, साहेब जेवायला गेलेत,
त्यातली एकेक कधी ना कधी
त्या कचेरीच्या जिन्यावर
मांडीवर पिशवी घेऊन बसलेली होती.
सात वेळा वाजवायला लावलं.
पाकिटात अकराशे एक.
चौथी तार आणली.

एप्रिलमध्ये फाइल पास झाली.
बावीस वर्षांनी.
हरेश्वरचे वडील पेढे घेऊन गाळ्यावर आले,
देवळात यावं तसे, चप्पल बाहेर काढून.
म्हणाले, नाव तेवढा बदला आता. बरा नाय दिसत.
हरेश्वर काठ्या बोटांत फिरवत राहिला.
नंतर टपरीवर मला विचारलं,
"आता कोनाव वरडायचा रं?"
खरंच उत्तर हवं असल्यासारखं.
मी म्हणालो, विषय पुष्कळ आहेत.
एकही सुचला नाही.

शर्वरी महिनाभर येत राहिली.
मग एकदा माइक गुंडाळता गुंडाळता म्हणाली,
मला अजून येतो राग,
तुमचा उतरला असेल तर तसं सांगा.
कुणी काही सांगितलं नाही.
भांडण तरी व्हायला हवं होतं.
जिजो शारजाला गेला. गिटार चर्चमध्येच आहे.
प्लॉटवर सात मजले, खाली मोबाइलचं दुकान,
हरेश्वर गल्ल्यावर बसतो,
काचेवर बोटं वाजवतो, गिऱ्हाईक आलं की थांबतो.

माझ्याकडे एक रेकॉर्डिंग आहे,
एक मिनिट पन्नास सेकंद.
शेजारच्या गाळ्यातला कॉम्प्रेसर आमच्यापेक्षा मोठ्याने,
आणि तालात.
शेवटी शर्वरी खोकते.
कुणीतरी विचारतं, मीच बहुधा, परत?
आणि लांब कोपऱ्यात
कुणीतरी झाडायला घेतलेलं.