रिंगा बसेपर्यंत

शोरूममधल्या पोरानं किल्ली दिली,
पेढा दिला, फोटो काढला, आणि म्हणाला,
काका, पहिले हजार किलोमीटर अगदी हळू.
तान्ह्या बाळासारखी जपा.

मी हो म्हणालो.
अठ्ठावीस वर्षं भोसरीत होनिंग मशीनवर उभा होतो
हे त्याला सांगत बसलो नाही.

सिलिंडर आतून गुळगुळीत नसतो.
चकचकीत झालेली भिंत
आम्ही मुद्दाम ओरखडायचो,
तिरक्या रेघा, एकमेकींना छेदणाऱ्या,
चटईच्या विणीसारख्या.
नखाला जेमतेम लागतात,
दिवा तिरका धरला तर दिसतात.
त्यांच्यात तेल थांबतं.
पाळीला एकशेचाळीस, कधी एकशेसाठ.
ट्रे भरला की पलीकडे जायचा
आणि त्याचं पुढे काय झालं
ते कुणी कळवायचं नाही.

नाना पेठेतला इस्माईल बागवान,
ज्याच्या दारात माझी स्कूटर तीनदा मेली, तीनदा उठली,
त्यानं पेढा गालात ठेवला, बॉनेटवर हात ठेवला.
जपू नकोस, म्हणाला.
जपलीस तर जन्मभर तेल पिणार.
रिंगा बसायला दाब लागतो.
चढ बघ एखादा. दाब, आणि सोड.
सोडायचं विसरतात लोक.

रविवारी पहाटे साडेपाचला
कात्रजचा जुना घाट.
शेजारी कुमुद, मांडीवर थर्मास.
सीटवरचं प्लास्टिक काढू दिलेलं नाही तिनं,
ती काही बोलायच्या आत तेच कुरकुरतं.

स्वारगेटपासून जपतच आलो, खोटं कशाला सांगू.
काटा मध्यावर येऊ दे,
तेल पातळ होऊ दे.
भिलारेवाडी मागे पडली तेव्हा
दुसरा गिअर,
आणि पाय खाली.

अडीच हजार. तीन.
अहो.
साडेतीन.
अहो, चार झाले.
साठ हप्ते डोळ्यांपुढून गेले, एकामागून एक,
पाय तसाच ठेवला.
वळणावर सोडला
तेव्हा गाडी स्वतःच्याच इंजिनानं मागे ओढली गेली,
घोट गिळावा तशी.
पुन्हा दाबला.

बॉनेट न उघडता मला आतलं दिसत होतं.
मिनिटाला हजारो वेळा रिंग रेघांवरून जातेय,
रेघांची टोकं झडतायत,
रिंग झिजवते आणि तीही झिजते
दोघांचं जुळेपर्यंत.
कारखान्यात याला झीज म्हणत नसत.
बसणं म्हणत.

बोगद्याशी थांबलो. वास येत होता.
काही जळतंय का?
रंग जळतोय, म्हटलं, पहिल्यांदा जळतोच.
इंजिन बंद होतं
तरी थर्मासच्या झाकणातला चहा हलत होता.
तिनं तो संपवला, झाकण फिरवून घट्ट लावलं, म्हणाली,
आता मी.

लायसन्स मार्चमध्येच काढलं होतं तिनं,
धनकवडीच्या क्लासमधून,
दुपारच्या भजनाला जाते सांगून.

बोगदा ओलांडून शिंदेवाडीपर्यंत उतरली,
वळवली,
आणि चढाला लागली.
मी काट्याकडे बघत होतो.
कुमुद, चार.
मोजू नका, म्हणाली.
कुठे सोडायचं ते तिला
माझ्याआधी कळत होतं.

पाचशेला तेल काढलं.
इस्माईलच्या घमेल्यात काळं, आणि काळ्यात
बारीक चमक, जरीचा चुरा पडल्यासारखी.
कुमुदनं बोट बुडवलं, चिमटीत चोळलं.
हे तुमचं का?
असेल, म्हटलं. कुणाच्या तरी पाळीचं.

इस्माईल बोळा शोधत होता.
तिनं बोटं माझ्या बाहीला पुसली
आणि मागचं दार उघडून
सीटवरचं प्लास्टिक टराटरा फाडायला लागली.