दोन किलो रेघा

मोदीनसाबच्या तराजूत
एका पारड्यात दोन किलोचं माप,
दुसऱ्यात एक जिना,
चढत चढत आपल्याच पायथ्याशी येणारा.
गुळगुळीत कागद, म्हणून भाव चढा सांगतो.
मी म्हणतो, कव्हर फाटलंय.
तो म्हणतो, जिना तर शाबूत आहे की.

शनिवारी अर्धी पाळी. वडगावातून चालत
खडे बाजारापर्यंत, मग त्या बोळात
जिथं वह्या, जुनी पंचांगं, मिलिटरीवाल्यांची मासिकं
एकाच सुतळीनं बांधलेली.
एकोणीस वर्षांत अकरा पुस्तकं झाली.

सुरुवात आजारानं झाली म्हणायची.
आठ तास ताण्याकडे बघून मान वर केली
की भिंत सरकायची,
छपराचे पत्रे एकमेकांत शिरायचे.
डॉक्टरनं थेंबांची बाटली दिली.
आणि त्याच आठवड्यात रद्दीत एक पान उघडं पडलेलं,
काळे-पांढरे पट्टे, अगदी तस्संच सरकणारं.
म्हणजे कुणीतरी माझा आजार
मुद्दाम, मोजून, पट्टी लावून काढला होता
आणि जाड कागदावर छापला होता.
थेंब मग टाकलेच नाहीत.

ट्रंकेत निपाणीच्या तंबाखूच्या काड्या घालतो, कसर लागू नये म्हणून.
एक पुस्तक जर्मन आहे, त्यातलं अक्षर कळत नाही.
एकावर कॅम्पातल्या कुठल्याशा वाचनालयाचा शिक्का,
परत करायची तारीख एकोणीसशे एकाहत्तरची.
एकाच्या मागच्या खिशातला लाल-हिरवा चष्मा
कुणीतरी आधीच नेलेला.
रेणुकानं, धाकटीनं, पुठ्ठ्याचा नवा केला,
कुंद्याच्या डब्यावरचा तांबडा जिलेटिन लावून.
हिरवा मिळेना.
"एक डोळा मिटून बघा, बाबा."
काहीच उभं राहिलं नाही पानातून.
हसलो मात्र पुष्कळ.

सगळ्यात जुन्यात, चौदाव्या पानावर
दोन रेघा. टोकांना पिसं,
एकीची आत वळलेली, एकीची बाहेर.
खालची लांब. लांबच.
कडेला पेन्सिलीनं कानडी आकडे, दोन्हीकडे एकच,
आणि त्याखाली दोन अक्षरं.
कानडी मी पाट्यांवर शिकलो, बसच्या, दवाखान्याच्या,
उताऱ्याच्या कागदावर अजून अडखळतो.
ही दोन मात्र लगेच लागली : सम.
कोण होता कुणास ठाऊक.
डोळ्यावर विश्वास बसला नसणार, म्हणून त्यानं पट्टी लावली.
मीही लावली.
सम.
पट्टी उचलली, आणि खालची परत लांब.

आक्काताई कांड्या भरता भरता विचारते,
"काय बघूलालासा एवढं? रेघाच हाईत न्हवं?"
मी सरकणारं पान तिच्यापुढं धरतो.
ती उठते. दोष निघालेल्या साडीचा तुकडा
दोन पदरी करते, खिडकीत उजेडावर धरते,
जरासा ओढते.
कापडात लाटा उठतात, फिरतात, विरतात.
"ह्याला आमच्यात पाणी चढलं म्हणत्यात.
लहानपणापासनं बघूलालोय की मी."
आणि परत कांड्यांकडे.
अकरा पुस्तकांतल्या एकाही चित्राखाली
'पाणी' लिहिलेलं नाही. जर्मनमध्ये असलं तर माहीत नाही.

चारातले दोन माग यंदा विकले.
लोखंडही किलोनंच गेलं.
फरशीवर त्यांच्या पायांचे आठ चौकोन राहिलेत, फिकट.
रात्री बघत बसलं की वर आल्यासारखे वाटतात,
पापणी लवली की खड्डे.
त्यांच्यावर पट्टी लावून बघितलेली नाही.

आज मोदीनसाबनं एक राखून ठेवलंय,
बिनकव्हरचं, कडा वाळवीनं खाल्लेल्या.
"मालक, हे स्वस्तात घ्या.
ह्यातलं एक पान जागेवर राहीना."
पारड्यात टाकतो.
"काटा हलूलालाय," मी म्हणतो.
तो वाकून बघतो, बराच वेळ,
चष्मा काढून, परत लावून.
"थांबलाय की हो कवाच."