एक, शून्य, शून्य, शून्य

लातूरच्या एमआयडीसीत, डाळ मिलच्या धुरळ्यानं
काचा कायमच्या पिवळ्या पडलेल्या खोलीत
मी एक फाईल उघडून बसलेय.
हिच्यात हिशेब नाही, सूत्र नाही,
नुसती विचारपूस : तू कोण, कुणाची, कितवी.

नाव : काटा.
काम : ट्रकचं वजन वाचणे.
कंपनी : टी. एम. पटेल, उदगीर.
आवृत्ती : १.०.०.०

अकरा वर्षं हाच आकडा.
अकरा वर्षांत तय्यबभाईंनी ही लायब्ररी शंभरदा उसवली, शंभरदा शिवली.
टनाचा दशांश सरळ केला,
सेन्सर भिजला की येणारं उणे वजन झाकलं,
निलंग्याच्या काट्याला एक दिली, औशाला वेगळी,
आणि प्रत्येकीच्या कपाळी तेच गोंदण.
एका घरात पाच पोरं, पाचीही बाळू.
हाक मारली की सगळे ओ देतात,
बरणी कुणी फोडली ते कळत नाही.

परवा मुरुडहून फोन :
"ताई, चाळीस किलो जास्त दाखवूलालंय."
"लायब्ररी कितवी आहे?"
"एक."
"एकच्या पुढं?"
"पुढं सगळे शून्यच की."

आकडा बदलणं सोपं.
पहिला, जुनं मोडलं तर.
दुसरा, जुनं न मोडता नवं जोडलं तर.
तिसरा, रोजच्या घडणीचा.
चौथा कशाला असतो ते मला कुणी नीट सांगितलं नाही.

सही अवघड.
सहीची किल्ली तय्यबभाईंकडं.
दुसऱ्या किल्लीनं केली
तर साठ काट्यांवरचे जुने प्रोग्राम
हिला उंबऱ्यातच अडवतील.
तोंड तेच, आवाज तोच,
पण आमची ती ही नव्हं.

म्हणून उदगीर.
बसस्टँडमागं मोबाईल दुरुस्तीचं दुकान, डोळ्याला भिंग.
त्यांनी ड्रॉवर उपसला :
सिमकार्डं, स्क्रू, दोन लवंगा,
आणि तळाशी गुळासारखा काळपटलेला पेनड्राईव्ह.
"पासवर्ड?"
"लेकीचं नाव. पुढं तिचं वजन."
"किती?"
"शून्य."
आणि हसायला लागले.
"चाळीस दिवसांची होती. काटा नवा बसवलेला.
दुपट्यात गुंडाळून मधोमध ठेवली.
दहा किलोच्या खालचं त्याला दिसतच नाही ना!"
नाव मी इथं लिहीत नाही.

मग आवाज उतरवून म्हणाले,
"एक कर. माझं नाव काढ त्यातून.
हंगाम आला की रात्री दोनला फोन येतात.
तिथं कोण काय बदलतंय मला ठाऊक नाही,
पण शिव्या मात्र पटेलला."
मी बशीत चहा ओतला. निवायला वेळ लागत होता.

आज सकाळी कंपनीच्या रकान्यातून पटेल पुसलं.
तिथं कर्सर लुकलुकत राहिला, रिकाम्या पाटासमोर दिवा तसा.
मी माझं नाव टाकलं. आडनावासकट.
मग मोबाईल चार्जिंगला लावला.

सही झाली.
मन्मथनं प्रतीची प्रत काढून एक अक्षर मुद्दाम खरवडलं :
पडताळणीनं ती तत्काळ परत फिरवली.
खरी तेवढी आत गेली.
तय्यबभाईंचं नाव आता कुठंच नाही.
पण किल्ली त्यांची,
म्हणून प्रत्येक प्रतीच्या पोटात ते आहेतच,
सोळा खुणांचे, कुणालाही न वाचता येणारे.
हे त्यांना कळवावं की नाही, अजून ठरवलेलं नाही.

२.०.०.०
मुरुडला पाठवली. सोयाबीनचा ट्रक चढला, उतरला.
ड्रायव्हर पावती खिशात कोंबून निघूनही गेला.

दीड वाजता मन्मथ डबा उघडता उघडता म्हणाला,
"ताई, हक्काच्या ओळीत साल मागच्या वर्षीचं पडलंय."

चौथा आकडा कशाला असतो ते कळलं.
हात धुतले, बसले.
२.०.०.१