दुसऱ्याची फियाट

गाडी दारात आली तेव्हा मी सहा वर्षांची.
नाव नोंदवून सात वर्षं झाली होती,
म्हणजे ती माझ्याहून वर्षाने मोठी,
निदान कागदावर.

रंगाला पावतीवर काहीतरी इंग्रजी नाव होतं,
आई म्हणायची, राखुंडीचा.
पुढची सीट सलग, गिअर स्टिअरिंगला,
मधे मी,
दर गिअरला दादांच्या कोपराचा एक ढोसा.
सकाळी चोक ओढायचा, थांबायचं,
तिसऱ्या फेरीला ती खाकरायची
आणि तळमजल्यावरच्या नाबरकाकू
दूध तापवायला ठेवायच्या. सव्वासात.

बोरघाटात एकदा फॅनचा पट्टा तुटला.
आईने परकराची नाडी काढून दिली,
आणि लोणावळ्यापर्यंत
दोन्ही मुठींत निऱ्या धरून बसली,
समोर बघत.
गाडीने कधी दगा दिला नाही, असं दादा सांगत.
त्यात ही नाडी मोजत नसत.

चौऱ्याऐंशी साल. दादरला कोणाचंसं लग्न.
जेवून निघालो, माहीमला पोचलो,
बडीशेपेसाठी आईने पुढचा कप्पा उघडला
तर हातात जपमाळ,
खाली क्रूस लोंबतोय.
कोणी बोललं नाही.
दादांनी उतरून नंबर वाचला,
चष्मा पुसून पुन्हा वाचला.

फियाटची किल्ली झिजली
की तिला कुठलंही दार आपलं वाटतं,
हे आम्हांला त्या रात्री कळलं.

साडेअकराला नाबरांकडे फोन.
मरोळहून इनास परेरा.
"तुमची गारी माज्या दारान हाय."
मग जरा थांबून,
"लोणच्याची बाटली पन हाय. लोणचा बरा हाय."

सायनच्या पेट्रोल पंपावर अदलाबदल झाली.
दोघांनी एकमेकांच्या टाक्या भरल्या,
पैसे कोणी द्यायचे यावर भांडून.
बाटली मात्र आली नाही.

पुढे मिस्त्रीही एकच झाला, कुर्ल्याचा मुख्तार.
रबरं, गॅस्किटं, हेडलाइटच्या काचा
सगळं जोडीने यायचं,
जुळ्यांना एका तागातले कपडे शिवावेत तसं.
दोघं म्हातारे बॉनेटखाली डोकं घालून
तासन्‌तास उभे. दुरुस्त करायला
काही असायचंच असं नाही.

दोन हजार पाचच्या जुलैत
मरोळच्या गाडीच्या टपावरून पाणी गेलं.
ती नाही उठली.
परेरांनी तिचं डावं दार उतरवून आणलं,
आमचं खालून चाळण झालं होतं.
बसलं अगदी नेमकं. रंगसुद्धा तोच,
थोडा गडद, सावलीतला.
आतल्या बाजूला कंपासने कोरलेलं नाव, लॉर्ना.
मुख्तार म्हणाला, लांबी भरून टाकू?
दादा म्हणाले, राहू दे पोरीचं.

परेरांच्या मातीला दादा त्याच गाडीने गेले.
मी डावीकडे बसायला गेले
तर म्हणाले, मागे बस.

मग दादाही.
मग दोन वर्षं ती कंपाउंडात,
काचेवर बदामाची पानं,
आणि सोसायटीचं पत्र, सुवाच्य अक्षरात.
मुख्तारच्या मुलाने नेली. टो करायला दोर आणला होता,
पण आधी सहज चोक ओढला त्याने.
मी वर निघून आले.
तरी खिडकी उघडीच होती.

दार ठेवून घेतलं. गॅलरीत आहे,
कुंड्यांच्या मागे.
किल्लीही आहे; कधीकधी पर्समध्ये घेऊन
पार्किंगमधल्या गाड्यांमधून जाते.
टिकटिक दिवे लावणाऱ्या गाड्या,
एकीलाही मी चुकून आपली वाटत नाही.

लॉर्नाला दाराचा फोटो पाठवला होता.
ती आता पासष्टीला आलीय, वसईला असते.
नावाबद्दल काही लिहिलं नाही तिने.
लिहिलं, बाटली आमच्याकडेच आहे,
झाकण बदललंय फक्त,
यंदाची कैरी घालू का त्यात?