गोल कडा

नॉर्थरिजच्या उन्हात, ड्राइव्हवेवर, पाणी न मारता
इलिसेओनं क्वार्ट्झच्या ओट्याची कडा गोल करून दिली.
मीच म्हटलं होतं, पोरीचं डोकं आपटेल.
दहा मिनिटांचं काम.

आत आला तेव्हा पापण्या पांढऱ्या,
गिरणीतून दळण घेऊन आल्यासारखा.
मी हसले. तोही हसला, खोकला,
ओंजळीनं नळाचं पाणी प्यायला.

परवा सिंकची फट बुजवायला
दुसराच आला.
इलिसेओ?
त्यानं हातातली पुट्टी खाली ठेवली.
चौतिशीचा आहे. नव्या फुप्फुसाच्या यादीत नाव लागलंय.

कणीक मळून झाली की ओटा पुसते.
पीठ निघतं,
एका फडक्यात निघतं.

पोरगी शेजारी उभी राहून पोळी मागते.
डोकं केव्हाच
कडेच्या वर गेलंय तिचं.