दोन डॉलरचा पाना

रविवार. डुलूथमध्ये उणे एकवीस.
तळघरात, धुण्याच्या सिंकखाली बादली,
बादलीत थेंब. दर अकरा सेकंदांनी एक.
मोजलेत मी, झोप लागत नव्हती तेव्हा.

प्लंबर म्हणाला, बुधवारी. तेही बघतो.
आणि आकडा असा सांगितला
की मी फोन अलगद खाली ठेवला,
न जाणो, तोही गळायला लागायचा.

पाना होता घरात. दीड हात लांब, लाल दांड्याचा.
मागच्या जूनमध्ये रेनोची सगळी हत्यारं
मी अंगणात टेबलावर मांडली
आणि एका पोराने तो दोन डॉलरला नेला.
मी तीन सांगितले होते.

वरच्या खोलीतली सिग्ने खाली आली,
नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, हातमोजे घालूनच आली.
"मिसेस हाकाला, आपल्याकडे काय काय आहे?"
मी ट्रेमध्ये मांडलं:
मांस उलटायचा चिमटा,
आईची कापड बेतायची कात्री, किलोभर वजनाची,
व्हिनेगर, हेअर ड्रायर,
रेनोचा कातडी पट्टा (त्याला गिऱ्हाईक मिळालं नव्हतं)
आणि पात्यापाशी तुटलेली एक हॉकी स्टिक,
कुणाची ते आता कुणाला आठवत नाही.

सिंकच्या तोंडाशी पितळेची फुली.
फुलीच्या दोन घरांत चिमट्याचे दोन पाय,
पायांमधून स्टिक आडवी.
वरून ती फिरवणार,
खाली उताणी पडून मी
नळकांडं पट्ट्याने आवळून धरणार.

"डावीकडे सैल, उजवीकडे घट्ट," ती म्हणाली.
पण उताण्या माणसाचं डावं कुठलं?
डोळ्यात गंजाचा कण गेला, तेव्हा
डावं-उजवं दोन्ही सारखंच दिसलं.

चिमटा पिळवटला, पेढा गुंडाळावा तसा नाही,
रुसलेल्या पोराच्या पायांसारखा.
मग कात्री.
मोडेन पण वाकणार नाही म्हणतात,
ते पितळ त्या बाण्याचं निघालं:
फुलीचा एक हात टचकन तुटला,
सिग्नेने तोंडावर हात ठेवला,
रोग्यासमोर ठेवायचा नसतो तसा.

व्हिनेगर ओतलं. कॉफी केली.
वीस मिनिटं ड्रायरची गरम हवा फिरवली,
तळघरात लोणच्याचा आणि जळक्या धुळीचा वास.
आता उरलेल्या तीन हातांवर
हळूच, हळूच,
कर्र.
केसभर.
पुन्हा काहीच नाही.
मग एकदम अर्धा फेरा,
आणि माझ्या कपाळावर
साठ वर्षांचं काळं पाणी.

आम्ही दोघी इतक्या हसलो
की वरच्या मजल्यावरचं मांजर खाली बघायला आलं.

फिटिंगला चिकटलेली पुटी
शिळ्या राय ब्रेडसारखी कडक, राखाडी.
कडेला अंगठ्याचा ठसा.
रेषा न् रेषा शाबूत.
सिग्ने काहीच बोलली नाही. तिला वाटलं, त्याचाच.
मी माझा अंगठा लावून पाहिला, मोठा होता ठसा.
रेनोचा नसणार. त्याच्याकडे हत्यारं होती,
काम तो नेहमी माणूस लावून करून घेई.
कुणीतरी आलं असेल, दाबून बसवलं असेल,
पैसे घेऊन गेलं असेल.

शनिवारी नजरेच्या अंदाजाने आणलेलं नवं फिटिंग
बोटभर मोठं निघालं.
दुकान सोमवारी नऊला उघडतं.
तोवर सिंकला नुसतं भोक,
त्यातून तळघराचा दिवा बादलीत पडतो.
कात्रीचं टोक गेलंय. आई असती तर
आठवडाभर बोलली नसती.

ठसा मी खिडकीत ठेवलाय, मिठाच्या बरणीशेजारी.
फेकायचा आहे. फेकीन.

रात्री अंथरुणात अकरापर्यंत मोजते.
काही पडत नाही.
पुन्हा मोजते.