दूध आलं होतं का?

पाचवीही मुलगीच झाली तेव्हा आजोबांनी
तिचं नाव ठेवलं येतेर.
आमच्या भाषेत, पुरे.
अल्लानं ऐकलं, सहावी झाली नाही.

माझ्या जन्माच्या रात्री मात्र
रक्ताला कुणी पुरे म्हणालं नाही.
कायसेरीचा रस्ता बर्फाखाली,
गादी भिजली, गादीखालची लोकर भिजली,
पहाटे आई पांढरीफटक, पण श्वास चालू.
जिवंत आहे ना? मग झालं तर,
म्हणून लोक आपापल्या घरी गेले.

पान्हा फुटलाच नाही.
कांद्याचं सार झालं, तिळाचा हलवा झाला,
आजीनं उशीला निळा मणी टाचला.
शेवटी शेजारच्या एल्मासनं मला उचललं,
एका बाजूला तिचा केरेम, एका बाजूला मी.

आई ऑगस्टमध्येही शाल पांघरायची.
पाळी परत आली नाही. सुटलीस बाई, म्हणाल्या बायका.
हमामात तिला वस्तरा लागायचा नाही,
तिच्या गुळगुळीत काखांचा त्या हेवा करायच्या.
भुवया टोकांकडून पुसल्या गेल्या.
जिन्याच्या मधल्या पायरीवर ती बसून राहायची,
हातात वाळत घालायचे कपडे, तसेच ओले.
आजी म्हणायची, आळस.
बाबा लोहाच्या गोळ्या आणायचे.

एकोणीस वर्षं.

मग साध्या तापात ती कोसळली.
रक्तातलं मीठ उतरलंय, म्हणाले,
बाटल्या चढवल्या, वय झालं म्हणाले.
पन्नासचं वय, आणि चेहरा बारीक सुरकुत्यांचा,
दुमडून ठेवलेल्या कागदासारखा.

तिसऱ्या रात्री डॉक्टर फेरिदे आल्या,
माझ्याहून जेमतेम आठ वर्षांनी मोठ्या.
मी खुर्चीत पेंगत होते, त्यांनी सहज विचारलं,
बाहेर तो मुलगा बसलाय, तो भाऊ का?
दूधभाऊ, म्हटलं.
एकदा त्याच्याकडे मी जरा वेगळं पाहिलं,
तर अख्खं गाव हसलं होतं, हे सांगितलं नाही.
पण त्यांचं पेन थांबलं.

त्या आईच्या उशाशी वाकल्या:
येतेर ताई, हिच्या वेळी दूध आलं होतं का?

आईनं माझ्याकडे पाहिलं,
चोरी पकडली गेल्यासारखं.
थेंबही नाही, म्हणाली.
आणि रक्त?
आई बोलली नाही, हातानं दाखवलं,
गादीपासून जमिनीपर्यंत.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते.
तिथूनच हुकूम सुटतात म्हणे,
दुधाला, पाळीला, ऊब धरायला, सकाळी उठायला.
बाळंतपणात ती फुगलेली असते, तहानलेली,
आणि त्या रात्री तिच्यापर्यंत रक्त पोचलंच नाही.
चित्रात आईची जागा जवळजवळ रिकामी दिसली.

आधी कॉर्टिसॉलची गोळी, मग थायरॉइडची,
हा क्रम चुकवायचा नाही, फेरिदेंनी
माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं.
आजी अजूनही म्हणते, मण्यानंच नजर उतरली.

नवव्या दिवशी संध्याकाळी
आई उठून बसली, शाल बाजूला सारली,
आणि जरा चिडूनच म्हणाली,
खिडकी उघड की गं, उकडतंय.
बाहेर बर्फ पडत होता.